फक्कीच्या रेषा

थंडी पडली. सकाळी नळाचं पाणी बोटांना चावायला लागलं, तेव्हा काल ट्रंक उघडली आणि लोकरीचे कपडे गच्चीत उन्हाला घातले. डांबराच्या गोळ्यांचा वास जिनाभर पसरला. माझे दोन स्वेटर, शाल, आणि आजोबांचा तपकिरी स्वेटर, कानटोपी, मोजे. त्यांचे कपडेही मी दोरीवर टाकले. ऊन उतरल्यावर झटकले, घड्या केल्या आणि परत ट्रंकेत होते तसे ठेवले. हे करताना मला काही वाटेल अशी मी वाट पाहत होते. काही वाटलं नाही. मोज्यांच्या जोड्या मात्र नीट लागल्या.

अन्वी, तुमच्या मेलबर्नला आता उन्हाळा. परवा फोनवर तू बिनबाह्यांच्या फ्रॉकमध्ये होतीस, ओम मागे आइसक्रीम चाटत होता आणि मी चादर गुंडाळून बसले होते. बोलता बोलता तू विचारलंस, "आजी, आजोबांनी चालणं का बंद केलं?" तुझी आई तुला दटावायला लागली, की असं विचारतात का. विचारावं. मी गप्प राहिले ती रागावून नाही. फोनवर ते मावलं नसतं. म्हणून लिहिते आहे. तू अक्षरं लावत लावत वाच, ओमला आई वाचून दाखवेल. मी सगळी नोकरी देवळाली कॅम्पच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात काढली, त्यामुळे हे इंग्रजीत लिहिणं मला जड नव्हतं. पण ज्या माणसांबद्दल लिहायचं ती इंग्रजीत बोलायला लागली की मला ओळखू येत नाहीत.

आजोबांच्या आजाराला कंपवात म्हणतात. लोकांना वाटतं, त्यात हात थरथरतात. त्यांचा हात फारसा थरथरत नसे. त्यांचे पाय थांबत. दारात, लिफ्टपाशी, बागेच्या फाटकात. अंग पुढे झुकलेलं आणि तळपाय जागेवर, जणू कुणी चपला जमिनीला टाचून टाकल्यात. पाटबंधारे खात्यातला इंजिनिअर माणूस, कालव्याच्या कडेने उन्हातान्हात चालून ज्याच्या चपला वर्षभर टिकत नसत, तो न्हाणीघराच्या दारात उभा राही आणि मी मागे टॉवेल घेऊन उभी राही. ओढायचं नसतं. ओढलं की तोल जातो. थांबायचं. मला थांबायची सवय झाली.

डॉक्टर म्हणाले, चालवत राहा, बसले की संपलं. पण ते घराबाहेर पडेनात. आपण रस्त्यात थिजतो आणि लोक बघतात, हे त्यांना नको होतं.

त्या हिवाळ्यात, म्हणजे दोन वर्षांपूर्वी, आमच्या कॉलनीमागच्या बागेत वर्ग सुरू झाला. ज्येष्ठांना हालचाल राहावी म्हणून महापालिकेने काही प्रभागांना निधी दिला होता आणि त्यात आमची बाग आली. त्या पैशातून एक शिकवणाऱ्या बाई आल्या, बसायला खुर्च्या आल्या, पायवाटेचे खड्डे बुजवले गेले. निधी एका हंगामापुरता होता. नंतर कुणी अधिकारी येऊन बघणार आणि पुढचं ठरणार, असं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आम्ही मान डोलावली. हिवाळा तेव्हा लांबलचक वाटत होता.

शिकवायला निकम मॅडम होत्या. सटाण्याकडच्या, तिशीच्या आतबाहेरच्या, व्यायामाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या. कुणाला एखादी गोष्ट जमली की नकळत त्यांच्या तोंडून घरची अहिराणी येई, "बरं शे." आम्ही सगळे निवृत्त लोक त्या "बरं शे"साठी लहान मुलांसारखे धडपडायचो. पठाणभाभींना ते सगळ्यांत जास्त मिळे. पठाणभाभी समोरच्या इमारतीत राहतात, गुडघे गेलेले आहेत, त्यांच्या दोन्ही मुली माझ्या हाताखाली शिकल्या, म्हणून त्या मला या वयातही टीचर म्हणतात.

आजोबांना मी पहिल्या दिवशी रिक्षाने नेलं. घर ते बाग म्हणजे एक वळण, रिक्षावाला माझ्याकडे बघत राहिला. फाटकात ते थिजले. मागून लोक येत होते. निकम मॅडमनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्या फक्कीची पिशवी घेऊन आल्या. फक्की म्हणजे कबड्डीच्या मैदानावर रेषा आखतात ती पांढरी पूड. त्यांनी फाटकापासून बाकापर्यंत पायवाटेवर आडव्या रेषा मारल्या, पावलापावलाच्या अंतरावर.

"आजोबा, चालू नका," त्या म्हणाल्या. "फक्त रेघ ओलांडा."

त्यांनी एक रेघ ओलांडली. मग दुसरी. मग ते चालत बाकापर्यंत गेले, बसले, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच उगाच रिक्षा केली होती. याचं कारण डॉक्टरांनी मला नंतर समजावलं. चालण्याची रोजची वाट मेंदूत अडली की डोळ्यांना दिसणारी रेघ दुसरी वाट काढून देते. आजोबांना एवढं समजावणं पुरलं नाही. ते म्हणाले, "पाटाला दगड आडवा आला की बाजूने चारी काढून देतात, तसं आहे."

त्या हिवाळ्याच्या सकाळी मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. तोंडातून निघणारी वाफ. गंगेवरचं, म्हणजे आमच्या गोदावरीवरचं, धुकं इकडच्या गल्ल्यांपर्यंत यायचं आणि बागेतल्या अशोकाच्या झाडांचे शेंडे दिसायचे नाहीत. कानटोपीतून बाहेर आलेलं आजोबांचं नाक. पठाणभाभींच्या डब्यातली तिळाची वडी, जी व्यायामाच्या आधीच संपे. दिंडोरीहून तुमच्या आईच्या चुलतभावाचा फोन यायचा, की पारा फार उतरला, द्राक्षाचे मणी तडकतील, पहाटे बागेत शेकोट्या पेटवल्यात. आजोबा इकडून त्याला पाणी कधी सोडायचं ते सांगत. आवाज आजारानं बारीक झालेला, तो बिचारा चारचारदा "काय म्हणालात काका?" विचारी. पण आजोबा चालून आलेले असत आणि चिडत नसत. पाय सुटले की त्यांचं बोलणंही सुटे.

रेषा रोज पुसल्या जात. पावलांनी, दवाने, कुत्र्यांनी. मॅडम रोज नव्या मारत. आधी त्या फक्त आजोबांसाठी होत्या, नंतर बरेच जण त्यांच्यावरून चालायला लागले. भामरे सर मात्र नाहीत. भामरे सर जिल्हा परिषदेच्या शाळेचे मुख्याध्यापक होते आणि आमच्या वर्गाचे आपोआप पुढारी झाले होते. ते रेषांच्या बाजूने, ताठ मानेने चालत आणि म्हणत, "ही लंगडी मी चौथीतच पास झालो."

"म्हणून तर पाचवीत अडकलात," असं पठाणभाभी मागून म्हणाल्या. आजोबा हसले. आजारानं मास्कसारखा झालेला तो चेहरा हसला की फक्त डोळ्यांत कळे.

संक्रांतीच्या सुमाराला निरोप आला, अधिकारी वर्ग बघायला येणार.

अन्वी, तपासणी म्हणजे काय ते तुला कळायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या पिढीने सगळी नोकरी तपासणीच्या धाकात काढली. साहेब येणार म्हटलं की भिंतींना चुना लागे, मोडकी बाकं मागच्या खोलीत जात, फळ्यावर सुविचार येई. भामरे सर अभिमानाने सांगत, की त्यांच्या शाळेत त्या दिवशी कच्ची मुलं विहिरीवर पाणी आणायला पाठवत आणि साहेब जाईपर्यंत ती परत येत नसत. साहेबापुढे जे आहे ते मांडायचं नसतं, जे असायला हवं ते मांडायचं असतं. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही. ते हाडात होतं. त्यामुळे भामरे सरांनी सूचना द्यायला सुरुवात केली तेव्हा कुणालाच काही खटकलं नाही. पुरुषांनी पांढरे शर्ट, बायकांनी काठाच्या साड्या. वॉकर लागतो त्यांनी त्या दिवशी घरी विश्रांती घ्यावी. काठ्या बोगनवेलीच्या मागे ठेवाव्यात. माळी पायवाट धुऊन घेईल.

निकम मॅडम म्हणाल्या, "सर, रोज जसं करतो तसंच दाखवू ना."

"मॅडम, तुम्ही नव्या आहात," सर म्हणाले. "आपली इज्जत ती तुमची इज्जत."

संध्याकाळी मी आजोबांच्या शर्टाला इस्त्री करत होते. म्हटलं, वाट धुतली तर रेषा जातील. ते म्हणाले, जाऊ दे, उभं राहायला रेघ लागत नाही. मग थोड्या वेळाने म्हणाले, "त्या साहेबाला कळेल."

"काय कळेल?"

"अगं, मी तपासणीला जायचो तेव्हा कालवा आदल्या दिवशी साफ केलेलाच असायचा. हेडला, कालव्याच्या तोंडाशी, बघण्यात अर्थ नसतो. हेडला पाणी असतंच. मी थेट टेलला जायचो. शेवटच्या शेतकऱ्याला विचारायचं, पाणी पोचतं का. तो खोटं बोलला तरी त्याचं शेत खोटं बोलत नाही."

मी विचारलं, हा साहेब टेलला गेला नाही तर?

"जाईल," ते म्हणाले. "साहेब आहे तो."

त्या दिवशी बाग मी कधी पाहिली नव्हती इतकी सुंदर दिसत होती. पायवाट धुऊन काळीशार. उरलेली फक्की वाया जाऊ नये म्हणून बायकांनी फाटकात तिची रांगोळी काढली होती. आजोबांना आम्ही सगळ्यांच्या आधी आणून उभं केलं, म्हणजे थिजलेलं कुणाला दिसायला नको. उंच म्हणून पहिल्या रांगेत. साहेब तरुण होते आणि माणूस चांगला होता, हे मला सांगायलाच हवं. सगळ्यांना वाकून नमस्कार केला. आम्ही हात वर केले, बाजूला केले, खाली आणले. पठाणभाभींनी गुडघ्यांचा ठणका गिळून बैठकीसारखं काहीतरी केलं. साहेब आजोबांसमोर थांबले.

"काका, काही त्रास?"

"काही नाही. उत्तम," आजोबा म्हणाले. कित्येक महिन्यांत त्यांचा आवाज इतका मोठा निघाला नव्हता.

साहेब म्हणाले, तुम्ही सगळे तर आमच्यापेक्षा फिट आहात, मलाच इथे नाव घालावं लागणार. सगळे हसले. मीही हसले. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं होतं.

गाडी गेली, मंडळी चहाकडे वळली. आजोबा पहिल्या रांगेत उभेच होते. समोर रांग नव्हती, मागे रांग नव्हती, एकटेच पांढऱ्या शर्टात उभे. ओली काळी वाट, तिच्यावर कुठेही रेघ नाही. मी जवळ जाऊन थांबले. ते हळूच म्हणाले, "गेला का तो?" म्हटलं, गेला. "मागच्या रांगेत गेला होता?" म्हटलं, नाही.

निकम मॅडम चहाचा कप ठेवून आल्या. त्यांनी आपली चप्पल काढली आणि आजोबांच्या पायांपुढे आडवी ठेवली. त्यांनी ती ओलांडली. मॅडमनी चप्पल उचलून पुढे ठेवली. अशा त्या वाकत, चप्पल उचलत, ठेवत त्यांना बाकापर्यंत घेऊन गेल्या. तोंडाने "बरं शे, बरं शे" चालू होतं. भामरे सर चहा पीत हे बघत होते.

पुढचं थोडंच आहे. आपला अहवाल उत्कृष्ट आला असं कळलं आणि भामरे सरांनी पेढे वाटले. पेढ्यांचा रिकामा खोका अजून बागेतल्या कचरापेटीत होता तेव्हा निकम मॅडम सांगायला आल्या. आमच्या भागातले ज्येष्ठ चांगले हिंडतेफिरते आहेत, निधी जिथे गरज जास्त तिथे वळवला आहे. त्यांची नेमणूकही तिकडेच झाली होती, शहराच्या पलीकडच्या टोकाला. "आजी, रिपोर्ट लय चांगला झाला आपला," त्या म्हणाल्या आणि फक्कीची अर्धी पिशवी माझ्या हातात दिली. मला त्या निर्णयात चूक काढता येत नाही. तिकडेही कुणाचे तरी पाय थांबत असतील. जे दाखवलं ते त्यांनी पाहिलं.

तू म्हणशील, आजी, रेषा तू का मारल्या नाहीस? मारल्या. बागेत मारल्या, पण वर्ग नव्हता, माणसं पांगली, आणि रिकाम्या बागेत बायको पुढे फक्की टाकतेय आणि आपण मागे चालतोय हे आजोबांना सोसेना. मग हॉलच्या फरशीवर पांढऱ्या चिकटपट्ट्या लावल्या. तू आलीस तेव्हा त्यांवरून उड्या मारत होतीस, आठवतं? काही महिने ते त्यांवरून चालले. एक दिवस बसले ते बसले. मी म्हटलं, उठा. ते म्हणाले, "घरात चालून जायचं कुठे?"

व्यायाम घरात होतो. जाणं घरात होत नाही.

पुढचा हिवाळा त्यांनी खिडकीपाशी काढला. डॉक्टरांचा शब्द खरा झाला. गेल्या पावसाळ्यात छातीत कफ साठला आणि तो निघाला नाही. तुम्ही सगळे आलात, तुमची आई खूप रडली. मी लोकांचे चहा मोजून ठेवत होते. अजूनही तसंच आहे. पाणी थंड लागतं, भाकरी गरम लागते, एवढं कळतं. त्यापलीकडचं कळत नाही. तुमची आई म्हणते, कुणाला तरी दाखव. दाखवेन.

चिकटपट्ट्या अजून फरशीवर आहेत. सोनाली, आपली कामवाली, त्यांच्या कडेकडेने पुसते.

आज सकाळी पुन्हा तपासणी होती. पुन्हा निधी आलाय म्हणे, पुन्हा बागा निवडायच्या आहेत. भामरे सर आठवडाभर घरोघर फिरत होते. त्यांचं खुब्याचं हाड मोडून जोडलंय, आता त्यांच्याही हातात काठी आहे. माझ्या दारात धाप लागून उभे राहिले आणि म्हणाले, या खेपेला अधिकारी मॅडम येणार आहेत, तुम्ही पुढे बसा, इंग्रजीत चार वाक्यं बोला, छाप पडते. काठाची साडी नेसा. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

गेले ती घरातल्या सुती साडीत, आजोबांचा तपकिरी स्वेटर घालून. माझे स्वेटर बाहेर काढलेले होते, तरी तो घातला. हातात त्यांची काठी. मला आता ती लागते. पायवाट धुतलेली होती. फाटकात रांगोळी होती. बोगनवेलीच्या मागे काठ्यांची मोळी दिसत होती आणि सगळ्यांत वर भामरे सरांची, चांदीच्या मुठीची. मी मागच्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसले. सर पुढून हातवारे करत राहिले. मी बघितलं नाही.

अधिकारी बाई आल्या. हसतमुख. पुढच्या रांगेने हात वर केले, खाली केले. त्या म्हणाल्या, "अरे वा, सगळे किती फिट." सर एका हाताने खुर्चीची पाठ घट्ट धरून उभे होते आणि हसत होते. त्यांनी माझ्याकडे बोट केलं, या आमच्या इंग्रजीच्या टीचर, दोन शब्द बोलतील.

मी म्हटलं, "मॅडम, हेड बघून झालं. आता टेलला या."

त्यांना समजलं नाही. मी सांगितलं, की माझे मिस्टर पाटबंधाऱ्यात होते, कालवा बघायचा तर शेवटच्या शेतापासून बघायचा असं ते म्हणत. त्या खुर्च्यांमधून वाट काढत माझ्यापर्यंत आल्या. मग मी उठले. काठी टेकली, एक हात मांडीवर दाबला, अर्धी उठले, परत बसले, पुन्हा उठले. मुद्दाम काही केलं नाही. रोज उठते तशीच उठले, फक्त घाई केली नाही. त्या बाईंनी हात पुढे केला आणि मागे घेतला आणि थांबल्या. मी उभी राहिल्यावर त्यांनी विचारलं, रोज असंच होतं का? मी हो म्हटलं.

तेव्हा पठाणभाभी पुढच्या रांगेतून म्हणाल्या, "सर, माझी पण काठी द्या हो मागची. केव्हाची उभी आहे मी, जीव जातोय."

कुणी हललं नाही. मग भामरे सर स्वतःच निघाले. खुर्चीची पाठ सोडून बोगनवेलीपर्यंत जायला त्यांना किती वेळ लागला ते अधिकारी बाईंनी पाहिलं, आम्ही सगळ्यांनी पाहिलं. ओणवून त्यांनी आधी भाभींची काठी काढली. मग आपली.

निधी मिळेल की नाही मला माहीत नाही. बाई बराच वेळ थांबल्या आणि शेवटी घरी राहिलेल्या वॉकरवाल्यांचे पत्ते विचारत होत्या. मिळाला तर पायवाटेवर रेषा येतील. पिशवीत उरलेली फक्की माझ्याकडे आहे, तिला ओल लागू दिलेली नाही.

निघताना पठाणभाभी बरोबर होत्या. फाटकाशी आल्यावर मी थांबले. भाभी दोन पावलं पुढे गेल्या आणि मागे वळल्या. "काय झालं टीचर?"

काही झालं नव्हतं. तिथे आजोबांना वेळ लागायचा.